पाव तिकिटावर, बाकी पाकिटावर

माझा मामा चौतीस वर्षं टपालाच्या तिकिटांवर शिक्के मारत होता. रोज सकाळी चिमट्याने शिक्क्यातली तारीख बदलायची, जाड रबरावर पाकीट ठेवायचं आणि ठप! पण त्याला तिकिटांची दया यायची. कुणीतरी इतकं सुबक चित्र काढलेलं, त्यावर आपण काळं फासायचं म्हणजे काय? म्हणून त्याने स्वतःची रीत पाडली होती. शिक्का पाव तिकिटावर, बाकी पाकिटावर.

निवृत्त झाल्यावर तो म्हणायचा, "जन्मभर चांगल्या वस्तू खराब केल्या मी." हसत म्हणायचा, पण मला ते टोचायचं. त्याच्या हातून गेलेलं काहीतरी मोलाचं आहे, हे कुणा जाणत्याने त्याला सांगावं, असं माझ्या मनाने घेतलं.

तरुणपणी मामा तेरा महिने एका धरणाच्या कामावर होता. मजुरांच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीतलं टपाल कार्यालय, आणि त्यात तो एकटा. तिथून त्याने माझ्या आईला लिहिलेल्या पत्रांची चाळीस पाकिटं मला सापडली. मी शहाणी! घमेल्यात कोमट पाणी घेतलं, तिकिटं भिजवून अलगद सोडवली, वाळवली, वहीत ओळीने लावली आणि पाकिटं रद्दीत दिली. मामाने मामीलाही तिथून पत्रं लिहिली होती; तिच्याकडेही ती पाकिटं मागितली, तर ती म्हणाली, "माझी पत्रं धुणं नाहीत. चल, हो बाजूला."

तिकिटांचा एक म्हातारा पारखी होता. मामा, मामी आणि मी त्याच्याकडे गेलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता.

पारख्याने वही चाळली. "ही तिकिटं लाखांनी छापली होती. तिकीट जुनं झालं म्हणून त्याला किंमत येत नाही, बाई. किती उरली, कशी राहिली आणि कुठून निघाली, हे बघावं लागतं." मग तो थबकला. तिकिटाच्या कोपऱ्यात शिक्क्याची कमान होती आणि वस्तीच्या नावाची दोनच अक्षरं. "पाकिटं कुठायत?"

"रद्दीत," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. मामा मान खाली घालून बोटं चोळू लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मामाला उजळ माथ्याने उठवायला आणलं होतं, आणि त्याच्या कामाचा पुरावा मीच धुऊन टाकला होता.

तेवढ्यात मामीने पर्स उघडली. "माझं एक आहे. हिच्या तावडीतून वाचलेलं."

पारख्याने ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, भिंगाखाली धरलं. मग भिंग माझ्याकडे सरकवलं. मी वाकले. पूर्ण गोल, वस्तीचं नाव, तारीख, वेळ, एकही अक्षर फुटलेलं नाही. ती जागा आज धरणाच्या पाण्याखाली आहे. खोली नाही, रस्ता नाही, माणसं कुठच्या कुठे पांगली. आणि इथे, बोटभर शाईत, वस्तीची ती दुपार शाबूत होती.

"कार्यालयाचा शेवटचा दिवस," पारखी हळूच म्हणाला. "या वस्तीचा शिक्का मी नुसता यादीत वाचला होता. त्या काळातले शिक्के पुसट, एकावर एक मारलेले असतात. इतका स्वच्छ कुणी मारला?"

मामा चाचरत म्हणाला, "मीच. तिकीट फार खराब होऊ नये म्हणून जरा बाजूला मारायचो. चुकलं असेल तर..."

"हात बघू."

मामाने उजवा हात पुढे केला. शिक्क्याच्या मुठीने तळव्याला पडलेला घट्टा अजून तसाच होता. पाकीट धरलं होतं तसाच, पारख्याने तो हात दोन्ही हातांनी धरला.

मामी डोळे पुसत माझ्याकडे वळली. "बाई गं, आता हा तरी भिजत घालू नकोस."

मामा हसला. हात मात्र त्याने बराच वेळ काढून घेतला नाही.