माडाला लावलेला कान

"आयक गं, आयक. खातंय का?"

मावशीचं हे वाक्य आठवलं की अजून माझ्या काळजात धस्स होतं. ती जाऊन किती वर्षं झाली, खालापूर सोडूनही मला जमाना झाला. तुम्हीआम्ही माडाकडे बघतो ते वर, नारळ किती धरलेत म्हणून. मावशी वर बघायचीच नाही. बुंध्याला दोन्ही हातांनी मिठी मारायची, डोळे गच्च मिटायची आणि कान टेकायची. गल्लीतले लोक हसायचे. तुम्हीही हसला असतात. मी कुठली हसतेय! तो माड कलला होता माझ्या घरावर.

लढाईचे दिवस होते. माझे यजमान खालापुरात मास्तर. आम्ही दोन खोल्यांच्या कौलारू घरात भाड्यानं राहत होतो आणि आढ्याला माझ्या तान्ह्या लेकीचा पाळणा टांगलेला होता. शेजारी मावशी. नात्याची नव्हे, पण सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, आणि तो लढाईवर.

मुलगा जन्मला तेव्हा त्याची नाळ परसात पुरून तिनं वर हा माड लावला होता. माडानं खोड धरल्यापासून दर नारळी पुनवेला ती पोराला त्याला टेकवून उभं करायची आणि डोक्याच्या उंचीवर कोयत्यानं एक खाच पाडायची. पोरगा लढाईवर गेला तरी खाच चुकली नाही. अंदाजानं, मागच्या खाचेच्या बोटभर वर. जुन्या खाचा बुजू नयेत म्हणून त्याही मधूनमधून खरवडायची.

"मावशी, एवढा मोठा घोडा आता काय वाढतोय?" मी एकदा म्हटलं.

"तुला काय ठावं? तिकडं पल्टणीत खायला चांगलं देतात," ती म्हणाली आणि कोयता पदराला पुसला.

त्या वर्षी नारळ उतरवायला आलेला गडी वर चढलाच नाही. एका खाचेतून तपकिरी चिकट रस ओघळत होता आणि भोकाशी चघळलेल्या काथ्याचा भुगा होता. "सोंड्या भुंगा लागला, मावशे," तो म्हणाला. "ताज्या घावाचा वास त्याला लई लांबनं येतो."

 मावशीनं त्याला खोदून खोदून सगळं विचारलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं. त्यानंतर ती भुताची गोष्ट सांगावी तशी ते सांगत सुटली. मादी घावात सोंडेनं भोक पाडते आणि अंडी घालते. त्यातून बिनपायाची पांढरी अळी निघते, ती कोवळा गाभा खात खात आत जाते. जाडजूड झाली की माडाचाच काथ्या स्वतःभोवती गुंडाळून कोश करते. कोशातून निघतो तांबडा भुंगा, लांब सोंडेचा, आणि तो पुन्हा त्याच झाडात संसार मांडतो.

"मुडदा भाईर येतच नाय गं," ती कुजबुजायची. "जल्मतो आत, निजतो आत, लेकरं घालतो आत. आन् झाड बघावं तर हिरवंगार!" मग म्हणायची, "मीच बोलावलं त्येला. माज्या हातानं."

कोयता तिनं विहिरीत टाकून दिला. भोकांत तार घालून अळ्या ओढल्या, वर डांबर लिंपलं, शेंड्यात मीठ आणि राख भरवून घेतली. एक भारद्वाज परसात यायचा, त्यानं एकदा भुंगा उचललेला तिनं बघितला. झालं! तेव्हापासून तो आमच्या गल्लीचा फौजदार. तो आला की मी धुणं आपटायचं थांबवायचं, मास्तरांनी खोकायचं नाही. शेपटीला चिमटा असलेले काळे किडेही ती माडाखालच्या पाल्यातून अलगद उचलून बुंध्यावर सोडायची. ते भुंग्याची अंडी खातात, असं त्या गड्यानं सांगितलं होतं.

"किडा मारायला किडा पाळायचा का आता?" मी वैतागून म्हटलं.

"माजे शिपाई हायेत ते," ती म्हणाली. चेष्टा नव्हती हो.

एका दुपारी तिनं मला ओढतच नेलं. "माजं कान म्हातारं. तू आयक." मी कान लावला. आधी काहीच नाही. मग आतून आलं, कर्र... कर्र... पलीकडच्या खोलीत कुणी बसून वाळकी भाकरी चावावी तसं. तशीच घरात धावले आणि पाळण्यातून लेक उचलली.

त्या दिवशी मी भांडले. खूप भांडले. "माड पाडा, मावशी! तुमचा मुलगा तिकडे आहे, माझी पोर इथे खाली निजते!"

ती माडाला पाठ लावून उभी राहिली. "पाडला आन् तिकडं त्येला काय झालं तर? नाळ हाय गं त्येची खाली." तिला रडूसुद्धा येत नव्हतं, इतकी ती भ्याली होती. आणि मी तिच्याहून भ्यालेली. दोन भ्यालेल्या बायकांचं भांडण मिटणार कसं?

संध्याकाळी ती आमच्याकडे आली, पाळणा सोडला आणि डोक्यावर घेऊन स्वतःच्या घरी गेली. "तुमी समदी माज्या घरात निजा. माड राहू दे." मास्तर हसले, पण वळकटी घेऊन आधी तेच निघाले. आम्ही तिच्याकडे राहू लागलो. माझ्या लेकीला ती मांडीवर घ्यायची, पण कान सदा परसाकडे.

चैत्रात एका दुपारी वारा सुटला. मोठा आवाज झाला आणि मागोमाग कौलं फुटल्याचा. बाहेर येऊन बघतो तर माड मोडून आमच्या घरात शिरलेला. पाळण्याचे दोर बांधायचे ते आढं खाली आलं होतं. मी लेकीला उराशी धरून उभी. माड मोडला होता तो बरोबर खाचांवर, पोराच्या डोक्याच्या उंचीला. आत गाभा नव्हताच. सगळा भुस्सा, अळ्या आणि काथ्याचे कोश.

मावशी त्या भुशात बसली. एकेक कोश फोडून भुंगा काढायची आणि दगडानं चिरडायची. तोंडानं एकच, "गेला माजा पोरगा. गेला."

त्यानंतर पोस्टमन गल्लीत शिरला की ती दार लावून घ्यायची. पत्र आलं तरी मास्तरांकडून वाचून घ्यायची नाही. "ते माड पडायच्या आदी लिवल्यालं आसंल," म्हणायची.

लढाई संपली आणि तो आला. खाकी कपडे, खांद्यावर पेटी, चांगला अंगानं भरलेला, हसरा. सगळी गल्ली गोळा झाली. "मावशे, बघ तरी, कसा हिरवागार आलाय तुझा माड!" कुणीतरी ओरडलं. मला ते ऐकून कसंसंच झालं.

मावशीनं ना ओवाळलं ना तुकडा उतरवला. परसात मोडक्या माडाच्या खुंटाशी तो उभा होता तिथं गेली, त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, डोळे गच्च मिटले आणि त्याच्या छातीला कान लावला.

"आये, काय करतीस? लोक बघतात," तो हसून म्हणाला.

"गप रं. आयकू दे."

तो हसत राहिला. मग हसणं थांबलं. खांद्यावरची पेटी खाली पडली आणि एवढा मोठा गडी सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागला. लोक पांगले. मी लेकीचं बोट धरून तशीच उभी राहिले.

मावशीनं कान काढला नाही. डोळे तेवढे उघडून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत तीच भीती होती, माडापुढची. आणि हळूच म्हणाली, "या येळला लवकर आयकलं गं मी."