तिसऱ्या मजल्यावर अडलेली टोपली

आमच्या समोर, चौथ्या मजल्यावर नफीसाबाई राहतात. कपडे पिळायचा त्यांना भारी कंटाळा. निथळत्या चादरी तशाच दोरीवर टाकतात आणि खाली तिसऱ्यावर सुहैरच्या वाळलेल्या कपड्यांवर धार लागते. दोघी बरीच वर्षं भांडल्या, मग बोलणंच टाकलं.

कोरोनात कैरोतल्या आमच्या गल्लीचा वाणी शनूदा म्हणाला, "मी जिने चढणार नाही." मग सगळ्यांनी गॅलरीतून दोरीला टोपल्या बांधून सोडल्या. नफीसाबाईंची टोपली मसूर, टोमॅटो आणि साखर घेऊन वर निघाली ती तिसऱ्यावर अडली. सुहैरने दोरी धरली होती.

"सोड गं, टवळे!"

"आधी कपडे पिळीन म्हण."

"माझे हात दुखतात!"

"दोरी ओढताना बरे दुखत नाहीत?"

अख्खी गल्ली वर बघत होती.

"पिळीन बाई, पिळीन," नफीसाबाई म्हणाल्या. टोपली वर गेली.

आणि पिळले हो त्यांनी, खोटं कशाला बोला! सुहैरचे कपडे साथ संपेपर्यंत कोरडे राहिले.

मग एके सकाळी शनूदा धापा टाकत जिना चढला आणि नफीसाबाईंच्या दारात सामान ठेवून गेला. त्याच दुपारी सुहैरच्या चादरीवर पहिला थेंब पडला.