डावरीचा नेम

जेवताना आई माझा डावा हात बांधायची. जुन्या लुगड्याची एक पट्टी होती. ती मनगटाला गुंडाळायची आणि दुसरं टोक पाठीमागं परकराच्या नाडीत खोचायची. चार वर्षांची असल्यापासून हे चालू होतं आणि बारावं सरलं तरी सुटलं नव्हतं, कारण कुणाचं लक्ष नसलं की माझा घास पुन्हा डाव्या हातातच यायचा. शाळेत पाटीवर उजव्यानं लिहायची, घरी आले की खापरीनं अंगणात डाव्यानं. डावरी पोरगी म्हणजे घराला बट्टा, देवाला तिच्या हातचं फूल चालत नाही, तिला नवरा मिळत नाही, हे मला इतक्या जणींनी सांगितलं होतं की, मिळत नसला तर बरंच आहे, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. तोंडानं बोलले असते तर पाठ सोलून निघाली असती.

आमचं घर कोल्हापुरातल्या एका पेठेत. दारात चार म्हशी आणि घरातले सगळे पुरुष तालमीतले. वडिलांनी जवानीत बऱ्याच कुस्त्या मारलेल्या; पुढं गुडघा गेला, तरी तालीम सुटली नाही. थोरले चुलते घराचे कारभारी. त्यांना सगळे आबा म्हणायचे आणि त्यांचा शब्द खाली पडत नसे. पोरींनाही शिकवा असा त्या काळात महाराजांचा आग्रह होता, आणि आबा महाराजांच्या शब्दाबाहेर नव्हते, म्हणून मी शाळेत जात होते. आमच्यावर उपकार म्हणून नव्हे.

त्या वर्षी शाळेत एक नव्या बाई आल्या. परगावच्या, वयानं पंचविशीच्या, पायात चपला घालून ताठ चालणाऱ्या. त्यांनी येताना ट्रंकेतून एक चामड्याचा भला मोठा चेंडू आणला. सायकलच्या पंपानं त्यात हवा भरायची, वादीनं तोंड आवळायचं, आणि उंच खांबावरच्या लोखंडी कड्यातून तो टाकायचा. खेळाचं नाव बास्केटबॉल. आम्ही पोरींनी पहिल्याच दिवशी त्याला बुट्टीचा खेळ करून टाकलं. कडं माझ्या वडिलांनी दिलं. जुन्या मोटेच्या तोंडाचं होतं, मोट फाटली होती आणि कडं शाबूत होतं.

दिवाळीच्या सुटीला गावी जाताना बाईंनी वडिलांना विनंती केली, शाळेच्या मागची जागा तेवढी खेळासाठी तयार करून ठेवा. वडील म्हणाले, खेळाची जागा ना, ती आमच्यावर सोडा. आणि तालमीतले दहा-बारा गडी घेऊन ते कामाला लागले. गुडघाभर खणलं. माती चाळून खडा न् खडा काढला. लाल माती गाड्यांनी आणून टाकली. त्यात ताक ओतलं, तेल ओतलं, हळद मिसळली, लिंबं पिळली, वर कापूर चुरला. रोज उलटीपालटी करून ती माती अशी लोण्यासारखी केली की पाहणाऱ्याला पडावंसं वाटावं. दोन गड्यांना तर राहवलं नाही, त्यांनी तिथं लगेच एक कुस्ती करून घेतली.

बाई सुटीवरून आल्या. चपला काढून आत पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत रुतल्या. त्या हसल्या नाहीत, हे मला आजही आवडतं. त्यांनी चेंडू कमरेइतका उचलला आणि सोडला. चेंडू मातीत बसला तो बसलाच, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा. वडिलांनी तो उचलून पुन्हा जोरानं आपटला, पुन्हा तेच. मग छाती पुढं काढून ते म्हणाले, “बाई, तुमचा चेंडू अशक्त हाय.”

शाळेत झाडलोट करणारी एक मुसलमान बाई होती, तिला आम्ही चाची म्हणायचो. ती केरसुणी टेकून म्हणाली, ह्येला कुस्तीचा हौद न्हाई, खळं पायजे. तेवढ्या एका वाक्यात सगळ्यांना उमगलं. लाल माती परत तालमीत गेली. जागेवर पाणी मारून बैल फिरवले, धुमसानं जमीन ठोकली, आणि आम्ही पोरींनी शेणानं सारवली. मळणीच्या खळ्यासारखी कडक, गुळगुळीत जमीन झाली आणि तिच्यावर चेंडू असा उसळला की चाची मागं सरकली. दर शनिवारी ती आम्हीच सारवायचो. तालमीच्या हौदाला आम्हाला पाय लावू देत नसत. खळ्यावर आता आम्ही कुणाला येऊ देत नव्हतो.

मग सराव सुरू झाला. आम्हाला वाटलं होतं, पहिल्या दिवशीच कड्यात चेंडू टाकायचा. बाईंनी पंधरा दिवस कड्याकडं बघूही दिलं नाही. नुसते टप्पे. उभ्यानं टप्पे, चालत टप्पे, परकर खोचून पळत टप्पे. आमची सगळ्यांची एकच खोड होती, आम्ही चेंडू भाकरीसारखा थापायचो. लहानपणापासून हाताला तेच वळण, तळवा सपाट आणि चापट जोरात. बाई म्हणायच्या, तळवा लावायचा नाही, बोटांच्या पेरांनी ढकलायचा, मनगट सैल सोडायचं. चेंडूकडं बघायचं नाही, असाही नियम होता. समोर उभ्या राहून त्या बोटं वर करायच्या आणि टप्पे देता देता आम्ही आकडा ओरडायचा. चुकला की पहिल्यापासून. खळ्यावर सहा मडकी पालथी घालून त्यांच्यामधून नागमोडी चेंडू न्यायचा. पहिल्या आठवड्यात मडकी आणायला कुंभारवाड्यात दोन खेपा झाल्या. बाईंच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं की बायकांनी तीनपेक्षा जास्त टप्पे देऊ नयेत, त्यांना दम लागतो. ते पान बाईंनी आम्हाला वाचून दाखवलं, मग पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, द्या शंभर.

एके दिवशी त्यांनी सांगितलं, उजवा हात पाठीमागं, आता फक्त डावा.

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीचा चेंडू पायावर आदळला, एकीचा थेट कुंपणाबाहेर गेला. मी उजवा हात मागं नेला. आठ वर्षं घरात बरोबर उलटं चाललं होतं. चेंडू डाव्या हाताखाली आला आणि मी निघाले, मडक्यांमधून गेले, परत आले, बाईंनी दाखवलेली बोटं मोजली, पुन्हा गेले. माझ्याच अंगातलं कुणीतरी कोंडून ठेवलेलं माणूस दार उघडून बाहेर आल्यासारखं मला वाटलं. बाईंनी एवढंच विचारलं की हे कुठं शिकलीस. मी म्हटलं, मी डावरी हाय. आयुष्यात पहिल्यांदा ते मान वर करून म्हटलं.

नेमाचंही तसंच झालं. चेंडू दोन्ही हातांनी छातीपाशी धरायचा, गुडघे वाकवायचे, आणि दोन्ही हात सारख्या जोरानं वर सोडायचे. बाकीच्यांचा उजवा हात जास्त जोर करायचा आणि चेंडू एका बाजूला कलायचा. माझा सरळ जायचा. डावा जन्माचा आणि उजवा मारून-मुटकून तयार केलेला, दोन्ही सारखे. आधी दोन पावलांवरून दहा, मग चार पावलांवरून दहा, असं मागं मागं सरकत रोज चाळीस नेम. ओळीनं दहा पडल्याशिवाय एक पाऊलही मागं जायचं नाही. वैशाखापर्यंत मी मागच्या रेघेवर पोचले होते आणि मला फार घमेंड आली होती. आली होती तर आली होती.

त्याच सुमारास आबांनी हातकणंगल्याकडचं एक स्थळ आणलं. बागायत, दावणीला बैल, मुलगा एकटा. मला काहीच विचारलं नाही, विचारायची रीतच नव्हती. लग्न म्हणजे शाळा बंद, शाळा बंद म्हणजे खळं बंद, आणि उरलेला जन्म डावा हात पदराखाली. मला ते नको होतं. दुसरं काय हवं होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं, पण हे नको होतं हे पक्कं.

घरातही आता सराव सुरू झाला. पाण्याचा तांब्या उजव्यानं द्यायचा, कुंकू उजव्यानं घ्यायचं, नाव लिहायला सांगितलं तर पेन्सिल उजव्यात. आईनं आठ दिवस घोटून घेतलं. मी एकदा म्हशींपाशी वडिलांना गाठलं आणि विचारलं, तालमीत एखादा पैलवान डावरा असला तर? वडिलांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, लई वंगाळ, त्याची पकड कुठनं येती कळत न्हाई, भलेभले टरकत्यात. मग मी काय विचारतेय ते त्यांच्या ध्यानात आलं. तालीम येगळी आन घर येगळं, असं म्हणून ते दूध काढायला बसले. मला त्यांचा आबांपेक्षा जास्त राग आला, कारण आबांना कळत नव्हतं आणि यांना कळत होतं.

पाहुणे आले. पोहे झाले. मुलाचे आजोबा पांढऱ्या मिश्यांचे, फेटा बांधलेले, स्वभावानं वाईट नसावेत. त्यांनी पाटी पुढं सरकवली आणि नाव लिहायला सांगितलं. दाराआड आई उभी होती. मी पेन्सिल उजव्या हातानं उचलली. मग डाव्या हातात घेतली आणि माझं नाव, वडिलांचं नाव, पेठेचं नाव, सगळं ठळक, वळणदार अक्षरात लिहून पाटी त्यांच्याकडं फिरवली.

आजोबा पाटीकडं बघतच नव्हते. त्यांनी आबांना विचारलं, “पोर डावरी हाय व्हय?”

आबा घाईनं म्हणाले, छे छे, गडबडीत चुकून झालं.

“चुकून न्हाई,” मी म्हटलं. “मी डावरीच हाय.”

पाहुणे उठले. जाताना आजोबांनी पानही घेतलं नाही. आबांनी मला मारलं नाही, ते आईवर ओरडले, तुला एवढं बी शिकवाय आलं न्हाई म्हणून. आणि उद्यापासून शाळा बंद असं जाहीर करून ते बाहेर पडले. वडील म्हशींकडं गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी उठायच्या आत मी शाळेत. घरी कळल्यावर आबांनी आईला पाठवलं, तिला हाताला धरून घेऊन ये. आईनं शाळा कधी पाहिली नव्हती. ती विचारत विचारत मागच्या खळ्याशी आली आणि डोक्यावरचा पदर सावरून कडेला उभी राहिली. मी तिला पाहिलं. माझे बावीस नेम झाले होते, अठरा राहिले होते. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते, आणि मला तिच्यापुढं रडायचं नव्हतं.

तेविसावा नेम कड्यावर आपटला आणि चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिनं तो उचलला. क्षणभर काय करावं तिला कळेना. मग तिनं हात मागं नेला आणि फेकला, मधल्या दोन पोरींच्या डोक्यांवरून, नेमका माझ्या ओंजळीत. डाव्या हातानं.

आमची दोघींची नजर एकदमच त्या हातावर गेली. तिनं तो चटकन पदराखाली घेतला. मी चेंडू टाकून तिच्याकडं गेले. माया वगैरे काही नाही, मला संताप आला होता. “तू बी?” मी म्हटलं. “आन माझा बांधतीस?”

आई खाली मान घालून म्हणाली, “माझ्या आईनं बांधला न्हाई. तिनं तापल्या उलथन्यानं शिकवलं. मी फडक्यावर भागवलं.”

माझा राग कुठं ठेवू ते मला कळेना. तो गेला नाही, पण तिच्यावर धरता येईना. चाचीनं आईला बसायला पोतं दिलं. आईनं विचारलं, किती राहिलं तुझं? मी सांगितलं, सतरा. ती म्हणाली, हाण मग, बसते मी. आणि सतराच्या सतरा होईपर्यंत ती ऊन खात बसून राहिली. किती पडले ते तिनं मोजलं असावं, कारण शेवटचा हुकला तेव्हा तिनं तोंडानं चक् केलं.

घरी आबा जेवायला बसले होते. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नसे. काही सांगायचं झालं तर पोराच्या तोंडून, नाहीतर भिंतीला ऐकवायचं. लग्न होऊन पंधरा वर्षं झाली होती, आबांनी आईचा आवाज समोरून ऐकला नव्हता. ती चुलीपासून उठली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “पोरगी शाळंत जाईल.”

आबांनी विचारलं, कुणाला इचारून?

“कुणालाच न्हाई,” आई म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकरी तिनं डाव्या हातानं त्यांच्या ताटात वाढली.

आबा त्या भाकरीकडं बघत राहिले. वडिलांचा घास हातातच राहिला. आई हलली नाही. शेवटी आबांनी भाकरी मोडली आणि खाल्ली.