मिन्जीचा रस्सा, आजीची भाकर

जय भीम मंडळी. दुपारपासून चैन नाही.

इथे ड्युसेलडॉर्फला लंचमध्ये ऑफिसच्या टीमबरोबर बुदे-जिगे खाल्लं. सॉसेज, नूडल्स घातलेला झणझणीत कोरियन रस्सा. स्टेफान म्हणाला, "युद्धात अमेरिकन सैनिकांच्या उष्ट्यातून आलंय ना हे?"

कोरियन मिन्जीने चमचा खाली ठेवला. "माझ्या आजीने सॉसेजचे डबे विकत घेतले होते. उष्टं नव्हतं."

"गेनाऊ," मी लगेच जर्मनमध्ये म्हणाले. अगदी बरोबर.

घरी येऊन बाबांना फोन लावला. "बाबा, आजी गावात भाकर मागायला जायची ना?"

"मागायला नाही. गावकीच्या कामाची भाकर होती ती. हक्काची."

"पण उष्टी असायची ना?"

बाबांनी फोन ठेवला.

मिन्जीचं मी एका शब्दात मान्य केलं. मग माझ्याच बाबांना स्टेफानचा प्रश्न का विचारला? सांगा कोणीतरी.