पाटीत पडलेली टोपी

चांगुणाबाईवर अन्याय झाला. कधी? नारळी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, देवळाच्या ओट्यावर, अख्ख्या जमातीच्या देखत. वाक्य सरळ आहे. पण ते लिहायला मला पाच दिवस लागले, कारण नाशिकहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीतल्या पत्रकांवर भलत्याच माणसाचं नाव छापलेलं होतं.

मथळा होता : 'हिरू पाटलांना गादीवरून खेचलं!' हिरू पाटील म्हणजे चांगुणाबाईचे वडील. तारापूरजवळच्या एका मच्छीमार गावात ते जमातीचे पाटील होते; डोक्यावरची लाल टोपी ही त्या मानाची खूण. (गावाचं नाव देत नाही. चांगुणाबाईने तसं बजावलंय.) बोईसरला कारखान्यात असलेल्या एका मित्राचा फोन आला, 'म्हाताऱ्याची टोपी पुतण्याच्या डोक्यावर गेली,' आणि मी तासाभरात पत्रक लिहून मोकळा झालो. तेव्हा मी गादी सोडणाऱ्या राजांवर एक पुस्तिकाही लिहीत होतो. एक रोमन बादशहा गादी सोडून कोबी लावत बसला, एका इंग्रज राजाने बाईसाठी मुकुट उतरवला, आपल्याकडच्या संस्थानिकांनी विलीनीकरणावर सह्या केल्या. माझा सिद्धांत तयार होता : राजीखुशीने कुणी उतरत नाही, खेचावंच लागतं. हिरू पाटील त्यात चपखल बसत होते.

एसटी जव्हारमार्गे गेली. तिथला राजवाडा पाहून आलेलं एक जोडपं माझ्या शेजारी बसलं. नवरा म्हणाला, "राजाने केवढं सोडलं बघ." बायको म्हणाली, "सोडून गेला कुठे? वाडा तर इथेच आहे." मी ते वहीत लिहून घेतलं. ते सिद्धांताच्या बाजूचं की विरुद्ध, ते मात्र कळेना.

पालघरला पाऊस. छत्रीने ऐनवेळी दगा दिला आणि पिशवीतली पत्रकं भिजली. तसाच कोळगावला, जिल्हा मुख्यालयात गेलो. म्हटलं, जमातीच्या पाटलाची सरकारदरबारी काही नोंद असेल.

"पोलीस पाटील म्हणताय का?" खिडकीमागच्या बाई म्हणाल्या.

"नाही, जमातीचा."

"मग सरपंच?"

"नाही हो. ज्याची टोपी..."

"अहो दादा," त्या हसल्या, "टोपीचं खातं आमच्याकडे नाही."

म्हणजे जी गादी कागदावरच नाही, तिच्यावरून माणूस उतरतो कसा? गोंधळाला तिथून सुरुवात झाली.

बोईसरला मित्राने पुतण्याची गाठ घालून दिली. रमेश त्याचं नाव. कारखान्याच्या फाटकासमोर टपरीवर आम्ही उभे राहिलो. शिफ्ट सुटलेली. आजूबाजूला हिंदी, मधूनच भोजपुरी. गादी बळकावणारा माणूस कसा दिसतो हे मला पाहायचं होतं. तो वडापाव खात होता आणि त्याचे डोळे तारवटलेले होते.

"मी रात्रपाळी करून आलेलो," तो म्हणाला. "ओट्यावर जरा टेकलो. डोला लागला. उठलो तं डोक्यावर टोपी."

"मग काढायची ना!"

"घातलेली टोपी काढीत नाय आमच्यात. मला खुंट कुठं ठोकायचा ते पन ठावं नाय, भाऊ. मी बॉयलरवालाय."

मागे एक बिहारी कामगार उभा होता. "राजा साहब, चाय ठंडी हो रही है," तो म्हणाला, आणि सगळे हसले. रमेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. होड्या अजून माडाच्या झावळ्यांखाली झाकलेल्या. हिरू पाटील ओटीवर बसले होते. डोळे जवळजवळ गेलेले. चांगुणाबाईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. तिला दातिवऱ्याला दिली होती. नवरा वारल्यावर ती बापाकडे परत आली, त्याला आता आठ वर्षं झाली.

मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, पुस्तिकेतल्या राजांच्या गोष्टीही सांगितल्या. पाटील ऐकत राहिले. मग म्हणाले, "कोनी खेचलं? मी उठलो."

"दबाव आला असेल."

"डोलं गेलं. आंधल्यानं खुंट दाखवायचे?"

इथे खुंट काय ते सांगायला हवं. डोलजाळी समुद्रात तळाशी ठोकलेल्या खुंटांना बांधतात. कुणाचा खुंट कुठे, ते पाटलाने सांगायचं. पाण्यावर खुणा नसतात, म्हणून किनाऱ्यावरच्या खुणा जुळवायच्या : देवळाचा कळस आणि वीज केंद्राची चिमणी एका रेषेत आली की अमक्याचा, चिमणी वाकड्या ताडाच्या आड गेली की तमक्याचा. पाटलांची नजर गेल्यापासून चांगुणाबाई होडीत त्यांच्या शेजारी बसून खुणा सांगते. खुणा तिच्या, तोंड बापाचं.

म्हणून त्या रविवारी पाटलांनी लाल टोपी काढली आणि लेकीच्या पाटीत (मासळीच्या टोपलीत) ठेवली. बाईच्या डोक्यावर टोपी ठेवायची रीत नाही, पण पाटी तर तिच्या डोक्यावर रोज असते. म्हाताऱ्याने एवढा विचार केला होता. सभेतला एक जण म्हणाला, "पाटीत मासली असते, मान नसतो." हशा झाला. त्याने टोपी उचलून झोपलेल्या रमेशच्या डोक्यावर ठेवली. चांगुणाबाई बोलायला उठली तर तोच म्हणाला, "बाय, तू घरा जा."

"मग तुम्हाला ती टोपी हवी होती?" मी तिला विचारलं.

"मला कोन इचारतंय? बापानं तरी इचारलं का, पाटीत टाकतू म्हनून?"

पाटलांनी तोंड माझ्याकडे वळवलं. म्हणाले, "तुझ्या त्या कोबीवाल्यानं गादी कुनाला दिली?"

"दोघांना. मग मारामाऱ्या झाल्या."

"म्हंजे त्यानं पन नीट सांगितलं नाय."

माझी पुस्तिका त्या ओटीवरच बुडाली. बापाला गादी नको, पुतण्याला नको, लेक तर हो-नाही काहीच सांगेना. बसायला कुणीच तयार नाही आणि गादी मात्र हलत नाही. मी कुणाच्या बाजूने ओरडायचं? माझा तर गाद्यांवरच विश्वास नाही, आणि मनातून ही बाई गादीवर बसावी असं वाटत होतं.

पौर्णिमेला रमेशने टोपी घालून नारळ सोडला. दुपारी सभा. या गावात एक रीत आहे : पाहुण्याने सभेत विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावंच लागतं, टाळता येत नाही. पण एका पाहुण्याला एकच प्रश्न, जन्मात एकदा. मला उठवलं. मी सरंजामशाहीवर दहा मिनिटं बोललो आणि शेवटी गरजलो, "ही गादी हवीच कशाला?"

एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "सवय हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच उत्तर होतं. माझा प्रश्न संपला. भिंतीकडेला बायकांत बसलेल्या चांगुणाबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खालीच बसलो.

का, ते दुसऱ्या सकाळी कळलं. मी पाटलांकडेच उतरलो होतो, मोरीत तोंड धूत होतो. मागच्या दाराशी एकेक करून पाच जण आले. त्यात 'पाटीत मान नसतो' म्हणणाराही होता. "चांगुनाबाय, यंदा माझा खुंट ताडापासनं किती?" तिने प्रत्येकाला सांगितलं. मी भडकलो.

"कशाला सांगता? बसू द्या बोंबलत!"

"खुंट चुकला तं जाल्यात जाली गुततील, पान्यात डोकी फुटतील. माज्या रागापायी मानसं मारू?"

शेवटी रमेश आला, टोपी हातात. "ताई, खुंट तूच सांगतेस हे मी सभेत बोलंन. पन आधी कोनीतरी इचारलं पायजे. मी आपसूक बोललो तं म्हनतील, बॉयलरवाला पलाला."

"काल एक इचारनारा होता," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "भाशन करून गेला."

निघताना तिने वाटेसाठी सुकट बांधून दिली. माझ्याच पत्रकात. भिजून शाई पसरलेली, बापाचं नाव निम्मं पुसलेलं.

परतीच्या एसटीत मी ते पुडकं मांडीवर धरून बसलो. मला अजूनही कळत नाही की राजे गादी सोडतात म्हणजे नेमकं काय सोडतात. एवढंच कळलं की खाली ठेवलेली टोपी कुणाच्या पाटीतून उचलली गेली, ते बघायला हवं होतं. आणि मी राजाकडेच बघत बसलो.

पुढची सभा दसऱ्याला, त्याच ओट्यावर. माझा प्रश्न वाया गेलाय. तुमचा शिल्लक आहे. गावाची वाट मी तुम्हाला कानात सांगतो. जा. पाहुणे म्हणून बसा, चहा घ्या, भाषण करू नका. उठवलं की उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच विचारा : "तुम्हाला खुंट कोण सांगतं?"