काकूंचा रवा

क्योतोला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू फोन करत नाहीत. थंडीत सकाळी एवढाच मेसेज येतो, "डोंगरावर रवा पडतोय. चल." मी कॅमेरा घेऊन बसस्टॉपवर पोहोचते, तर त्या आधीच तिथे उभ्या.

काकूंच्या बर्फाला स्वयंपाकघरातली नावं आहेत. हवेत तरंगते ती पिठी, टोपीवर टपटपतो तो रवा आणि सावकाश उतरतो तो खोबऱ्याचा कीस. फोटो त्या फक्त हलक्या बर्फाचे काढतात. म्हणतात, "जाड थराखाली सगळे डोंगर सारखेच गं. थोडा असला की झाडन्‌झाड दिसतं."

त्यांच्या कॅमेरा क्लबात बाकी सगळे जपानी आजोबा. प्रदर्शनात काकूंच्या फोटोला त्यांनी एक नाजूक जपानी नाव सुचवलं. काकूंनी वाकून आभार मानले आणि फोटोखाली जपानी लिपीत 'रवा' लिहून टाकलं.

"अहो काकू, त्यांना काय कळणार?" मी कुजबुजले.

"विचारतील की!"

परवा क्लबाबरोबर आम्ही उत्तरेच्या डोंगरात गेलो. बसमधून उतरताच सर्वांत थोरल्या आजोबांनी हातमोजा पुढे धरला, त्यावर पडलेलं निरखलं आणि ऐटीत जाहीर केलं, "राबा!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकूंनी मात्र चष्मा पुसून तो हातमोजा जवळून पाहिला.

"नाही हो," त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "ही पिठी."

आजोबा अदबीने वाकले. "पिठी," ते म्हणाले, आणि त्यांच्यामागून सगळा क्लब म्हणाला, "पिठी."