मोठ्या गुरुजींची पात्रता परीक्षा

आमच्या मोठ्या गुरुजींइतका परीक्षा घ्यायला हौशी आणि द्यायला भित्रा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची दोन शिक्षकांची शाळा. मोठे गुरुजी ते, आणि धाकट्या बाई मी. शिष्यवृत्तीच्या परीक्षांना पर्यवेक्षक म्हणून उभं राहून राहून ते काम त्यांच्या अंगात असं मुरलं होतं, की बिरवाडीला एका लग्नाच्या पंगतीत ते जेवायचं सोडून, हात मागे बांधून दोन रांगांमधून फिरू लागले. मंडळी मुकाट्यानं खाली मान घालून जेवली. नवऱ्या मुलाच्या मामानं दुसरी जिलबी घेताना आधी इकडेतिकडे पाहून घेतलं.

अशा माणसावर कायद्याचा बडगा आला. नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही मुदतीच्या आत पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. मी थयथयाट केला. गुरुजी म्हणाले, "कायदा वाईट नाही हो बाई. लोकांनी पोरं आपल्या हाती द्यायची, तर आपल्याला पारखून घ्यायला नको?" म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांचा डबा अर्धा परत जाऊ लागला. शाळा सुटली की मी त्यांना सरावाचे प्रश्न वाचून दाखवायची. मूल सतत खिडकीबाहेर बघत असेल तर शिक्षकाने काय करावे? पर्याय चार. "आधी बाहेर काय आहे ते मी बघीन," गुरुजी म्हणत. "परवा माकडं होती." हे उत्तर पर्यायांत नाही म्हटलं की ते पेपर काढणाऱ्यावर चिडत, आणि एकेका प्रश्नाला पंधरा-पंधरा मिनिटं जात. मला धडकी भरायची. त्यात एका मुलीची आई रोज फाटकाशी गाठून विचारायची, "गुरुजींना काडनार नाय ना गो बाई? माजी पोर दुसऱ्या कुनाशी बोलतच नाय."

महाडच्या केंद्रावर आमचे बाक एकामागे एक आले, पुढे ते, मागे मी. त्यांची मान प्रत्येक प्रश्नाला नकारार्थी हलत होती आणि माझं निम्मं लक्ष त्या मानेवरच होतं. शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली आणि गुरुजी उठून उभे राहिले. पेनाला टोपण लावलं, हात मागे बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आपापला बैठक क्रमांक तपासून घ्या." वर्ग थिजला. ते सरळ माझ्या बाकाशी आले, वाकले, आणि उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, शेवटच्या आकड्याचा गोल राहिलाय."

खरंच राहिला होता. मी तो घाईघाईनं रंगवला, तोवर त्यांच्या लेकीच्या वयाची पर्यवेक्षिका धावत आली. "ओ काका, कॉपी करताय? नोंद करू का?" गुरुजींनी मागे बांधलेले हात पुढे आणून जोडले. "चुकलो मॅडम," ते म्हणाले, "घंटा झाली की पाय उठतात." तिनं प्रवेशपत्र मागितलं, उलटून पालटून पाहिलं, प्रश्नावर प्रश्न विचारले. ते जागेवर बसून टोपण काढतात न काढतात तोच शेवटची घंटा वाजली. त्यांच्या उत्तरपत्रिकेचा खालचा सगळा भाग कोरा होता.

मी पास झाले. गुरुजी थोडक्या गुणांनी नापास झाले. तो गोल राहता तर माझी उत्तरपत्रिका बादच झाली असती, हे मला रोज आठवतं आणि रोज लाज वाटते. पेढे मात्र त्यांनीच वाटले. "शाळेत एक माणूस तर पक्कं झालं," असं पोरांना सांगत होते.

मुदतीच्या आत त्यांना आता एकच परीक्षा मिळणार आहे. मीही कडक झालेय. घड्याळ लावून बसवते, वाद घालू देत नाही. काल त्यांनी अख्खा सराव पेपर वेळेत संपवला. एकाही पर्यायाशी भांडले नाहीत. जे विचारलं त्याचं छापील उत्तर निमूटपणे रंगवत गेले. मी हसून शाबासकी दिली आणि फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली. पास होऊ देत ते, देवा. पण इतके गप्प नकोत.